आमसुलाचं पाणी आणि बिब्ब्याचा चटका

रात्री साडेअकराच्या सुमारास अंगावर गांधी उठू लागतात. आधी मनगटाशी एक, मग कोपराच्या आत दोन, आणि बघता बघता पोट-पाठ तांबड्या उंचवट्यांनी भरून जाते. खाजवावं तितकी खाज वाढते. अशा वेळी कोकणातच नव्हे, पुण्या-सोलापूरकडच्या घरातही कुणीतरी उठून स्वयंपाकघरात जातं, बरणीतली चार-पाच आमसुलं वाटीभर पाण्यात कुस्करतं आणि ते जांभळट पाणी अंगाला चोळतं. ‘पित्त उठलंय, उतरेल थोड्या वेळात.’ आणि बहुतेक वेळा ते उतरतंही.

आता हे कशाने उतरलं? गांधी उठतात तेव्हा त्वचेतल्या विशिष्ट पेशींमधून हिस्टामिन नावाचं द्रव्य बाहेर पडतं, बारीक रक्तवाहिन्या सैल होतात आणि त्यांतून पाझरलेल्या द्रवाने त्वचा जागोजागी फुगते. एकेक गांध साधारण २४ तासांच्या आत आपोआप जिरते. पुष्कळदा तास-दोन तासांतच. ओल्या हाताने गारवा मिळतो, गारव्याने खाज शमते, खाजवणं थांबलं की नव्या गांधींनाही चिथावणी मिळत नाही. म्हणजे आमसुलाला मिळणाऱ्या श्रेयातला मोठा वाटा पाण्याचा आणि घड्याळाचा आहे. तरी उपाय टाकाऊ मुळीच नाही. तो स्वस्त आहे, हाताशी आहे, आणि त्याने इजा होत नाही. खाजवून साल निघालं असेल तिथे मात्र हे आंबट पाणी चरचरतं. त्या जागी नुसतं गार पाणी पुरे. अर्ध्या तासाने अंग साध्या पाण्याने धुऊन टाकावं.

पण ओठ, पापण्या किंवा जीभ सुजली, आवाज बसला, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला किंवा गरगरलं, तर वाटी तिथेच ठेवून रुग्णालय गाठायचं. हे पित्त नव्हे, तीव्र ॲलर्जी आहे. तिथे मिनिटं मोजावी लागतात. आणि गांधी सहा आठवडे उलटून गेले तरी येतच असतील, तर आमसुलं संपवण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञाकडे जाणं बरं.

आजीबाईच्या बटव्यातल्या प्रत्येक उपायाला हाच प्रश्न विचारता येतो: हा नेमकं करतो काय? गार करतो, ओलावा धरून ठेवतो, कोरडं करतो, की रोगाचं मूळच मारतो? पहिली तीन कामं स्वयंपाकघर उत्तम करतं. चौथं काम त्याला क्वचितच जमतं. आणि घोटाळा होतो तो नेमका तिथे: खाज थांबली म्हणजे रोग गेला, असा समज करून घेतल्यामुळे.

हळदीची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे करून त्या पेटंटला आव्हान दिलं, आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. मराठी घरांत याचा अभिमान आहे, असायलाही हवा. मात्र पेटंट रद्द झालं ते ‘हे ज्ञान नवं नाही’ एवढ्या मुद्द्यावर. हळद दाबली की कुठलीही जखम भरते, असा निकाल अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने दिलेला नव्हता.

हळदीतलं कर्क्युमिन सूज कमी करू शकतं, जंतूंच्या वाढीला काही प्रमाणात आडकाठी करू शकतं, हे प्रयोगशाळांत दिसलेलं आहे. पण ते पाण्यात फारसं विरघळत नाही. शिवाय डब्यातली पूड निर्जंतुक नसते, आणि सुट्या पुडीत मेटॅनिल यलोसारखा रंग किंवा शिशाचं क्रोमेट मिसळलेलं असण्याची भीती असते ती वेगळीच. म्हणून उघड्या, खोल जखमेत हळद भरू नये. खरचटलं असेल तर वाहत्या पाण्याखाली धरावं, साबणाने भोवतालची माती काढावी, स्वच्छ पट्टी बांधावी, धनुर्वाताचं इंजेक्शन केव्हा घेतलं होतं ते आठवावं. मुका मार लागून सूज आली, त्वचा मात्र कुठे फाटलेली नाही, तिथे आंबेहळद आणि रक्तचंदन सहाणेवर उगाळून कोमट लेप द्यायला काहीच हरकत नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. अंगाला लावायची हळद घ्यायचीच असेल तर अख्खं हळकुंड आणून घरी उगाळावं, हा जुना रिवाज भेसळीच्या काळात अधिकच शहाणपणाचा ठरतो.

कोकमाच्या ज्या फळाची, म्हणजे रातांब्याची, साल आमसुलात जाते, त्याच फळाच्या बियांमधून त्वचेसाठीचा त्याहून भरवशाचा उपाय निघतो. रातांब्याच्या बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळल्या की वर स्निग्ध थर येतो. तो काढून थंड होताना हाताने वळून त्याचे गोळे करतात. कुठे त्याला मुठेल म्हणतात, गोव्याकडे भिरंडेल, बाकीच्यांचं साधं कोकम तेल. ‘तेल’ म्हटलं तरी ते घट्ट असतं, कारण ते वितळायला साधारण ३८ ते ४२ अंश तापमान लागतं. नुसतं अंगावर घासून ते पसरत नाही. गोळा दिव्यावर किंवा गरम चमच्यावर जरासा शेकवूनच लावावा लागतो. आणि हेच त्याचं बलस्थान. भेगेत गेलेलं कोकम तेल पुन्हा घट्ट होतं आणि तिथे टिकून राहतं. खोबरेल मात्र पायमोज्याला नाहीतर चादरीला लागून जातं.

टाचांच्या भेगांवर ते लावण्याची पद्धत मात्र बहुतेक जण अर्धीच पाळतात. दिवसभर अनवाणी फिरून, रात्री धुळीच्या टाचेवर गोळा फिरवला तर मळच आत बसतो. आधी दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात पाय बुडवावेत. मऊ झालेली जाड कातडी वजरीने हलक्या हाताने घासावी. एका दिवसात सगळी काढायचा हट्ट नको, रक्त येईपर्यंत तर नाहीच. पाय टिपून किंचित ओलसर असतानाच कोकम तेल भरावं आणि सुती मोजे घालून झोपावं. आठवड्याभरात फरक दिसतो. दोन-तीन आठवड्यांत दिसला नाही, तर औषधाच्या दुकानात मिळणारं युरियायुक्त मलम घ्यावं. ते जाड कातडी मऊ करण्यात कोकमाच्या पुढे आहे, हे मान्य करायला हवं. मधुमेह असलेल्यांनी मात्र गरम पाणी आणि वजरी दोन्ही टाळावं. त्यांच्या पायांची संवेदना मंदावलेली असू शकते. भाजलेलं किंवा कापलेलं कळतही नाही.

आषाढात पायांचं दुखणं टाचेवरून बोटांच्या बेचक्यात सरकतं. भाताची लावणी करणारी माणसं दिवस दिवस चिखलात उभी असतात. बेचक्यातली कातडी पांढरी पडते, सोलते, चिरते, आणि रात्री आग आग होते. या चिखल्या. शहरात चिखल नसला तरी भिजलेले मोजे आणि बंद बूट घालून लोकलचा प्रवास करणाऱ्यांना त्या तितक्याच होतात. पाण्याने कातडी फुगून कमकुवत होते आणि मग बुरशी व जिवाणू तिथे घर करतात.

जुन्या शेतकऱ्यांची रीत चिखलात उतरण्याआधी पायांना तेल चोळण्याची आहे, आणि ती बिनचूक आहे, कारण तेलाच्या थरामुळे पाणी कातडीत लवकर मुरत नाही. चूक होते ती संध्याकाळी. घरी आल्यावर ओल्या बेचक्यात पुन्हा तेल घातलं, तर ओलावा आतच कोंडतो. संध्याकाळी कोरडं करणं महत्त्वाचं: स्वच्छ पाण्याने पाय धुवायचे, प्रत्येक बेचका जुन्या सुती कापडाने टिपायचा, थोडा वेळ पाय वाऱ्यावर ठेवायचे. रात्री मेंदीचा पाला वाटून लावतात, त्यातही तथ्य आहे. मेंदीला रंग देणारं लॉसोन हे द्रव्य बुरशीला रोखतं आणि पाल्यातल्या तुरट द्रव्यांनी कातडी आवळते. पाला ताजा, घरच्या झुडपाचा हवा. बाजारात ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या कोनात पॅराफेनिलिनडायअमिन हे केस रंगवायचं रसायन असू शकतं. त्याने फोड येतात आणि काहींना त्याची जन्मभराची ॲलर्जी होते. चार-पाच दिवसांत चिखल्या आटोक्यात आल्या नाहीत तर बुरशीविरोधी मलम हवं. पाय लाल होऊन वर चढत गेला, ताप भरला, तर दवाखान्यातच जायचं.

घामोळ्यांवर फार लिहावं असं काही नाही. घर्मग्रंथींची तोंडं बुजली की घाम आतच अडकतो आणि टोचणाऱ्या पुटकुळ्या येतात. दिवसातून दोनदा गार पाण्याची अंघोळ, सैल सुती कपडे, पंखा, हवं तर कॅलामाइन लोशन. एवढ्याने ती जातात. वाळा घातलेलं पाणी किंवा उगाळलेलं चंदन गारव्यासाठी छानच, पण हल्लीचा चंदनाचा भाव पाहता ते बाळाच्या पाठीवर थापण्याआधी पालकांनाच घाम फुटेल. पावडरीचे थर मात्र नकोत. घामात भिजून पावडर छिद्रं आणखी बुजवते, आणि उधळलेली पूड तान्ह्या बाळाच्या फुप्फुसात जाते. ‘आंबे बाधले’ हा घामोळ्यांबद्दलचा आवडता निष्कर्षही इथेच निकालात काढावा. आंबा आणि घामोळं दोन्ही मे महिन्यात येतात, एवढाच त्यांचा संबंध.

त्याच दिवसांत येणाऱ्या गळवावर मात्र घरगुती उपाय डॉक्टरही सांगतात. कणकेचं किंवा तांदळाच्या पिठाचं गरम पोटीस बांधण्याची पद्धत जुनी आहे. उबेने तिथला रक्तपुरवठा वाढतो, पू वर येतो, गळू आपणहून फुटतं. पोटीस बांधायचा कंटाळा असेल तर गरम पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा ठेवावं. काम तेच होतं. पोटीस सोसवेल इतकंच गरम असावं, ते आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघावं. गळू दाबून फोडू नये. नाक आणि वरच्या ओठाच्या भागातलं तर अजिबात नाही, कारण तिथल्या शिरांमधून संसर्ग डोक्याच्या आत जाऊ शकतो. वरचेवर गळवं येत असतील तर रक्तातली साखर तपासून घ्यावी.

थंडीतल्या कोरड्या, खाजऱ्या त्वचेला आपल्याकडे पहिलं उत्तर खोबरेल असतं. त्याला आधार चांगला आहे. २०१४ मध्ये फिलिपिन्समधल्या डॉक्टरांनी कोरड्या इसबाच्या ११७ मुलांवर आठ आठवडे केलेली तुलना प्रसिद्ध झाली. त्यात शुद्ध (व्हर्जिन) खोबरेलाने मिनरल ऑइलपेक्षा अधिक फायदा दिला. पण तेल त्वचेत पाणी घालत नाही, असलेलं पाणी उडू देत नाही. म्हणून ते अंघोळीनंतर दोन-तीन मिनिटांत, अंग किंचित दमट असतानाच लावायचं. नागपूर-जळगावकडे डिसेंबरात कढत पाण्याने पाऊण तास न्हाण्याची चैन केली जाते, आणि मग पोटऱ्यांवर भेगाळलेल्या तळ्यासारखी नक्षी उमटते. त्याला कढत पाणी जबाबदार असतं. ते त्वचेचं नैसर्गिक तेल धुऊन नेतं. पाणी कोमट, अंघोळ दहा मिनिटांची, साबण काखा-जांघा-पायांपुरता. डाळीचं पीठ सायीत कालवून लावणं हा साबणाला चांगला पर्याय आहे. इसबाने चिरलेल्या त्वचेवर मात्र कुठलंही पीठ चोळू नये. दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा, कचोरा, गव्हला, वाळा वास छानच देतात, पण घासून घासून ‘मळ काढणं’ संवेदनशील त्वचेला सोसत नाही.

खाजेवर कापूर घातलेलं खोबरेल हीदेखील घरोघरची गोष्ट. कापराने थंड वाटतं आणि मेंदूचं लक्ष खाजेवरून हटतं. मोठ्यांच्या अखंड त्वचेवर ते चालतं. दोन वर्षांखालच्या मुलांना ते लावू नये आणि ती बाटली मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये. थोडासा कापूर पोटात गेला तरी लहान मुलांना झटके येऊ शकतात. कडुनिंबाच्या तेलाचंही तसंच. तान्ह्या बाळाला ते चाटवल्याने विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

मुरुमांच्या बाबतीत ‘काय लावावं’ यापेक्षा ‘काय थांबवावं’ ही यादी मोठी. लिंबू पहिलं. निरोगी त्वचेचा सामू साधारण ४.५ ते ५.५ असतो, लिंबाच्या रसाचा दोनच्या आसपास. त्याने त्वचेचं संरक्षक आवरण भाजून निघतं. वर तो रस लावून उन्हात गेलं तर रसातली काही द्रव्यं अतिनील किरणांशी मिळून काळपट डाग पाडतात, आणि ते महिनोन्‌महिने जात नाहीत. खायचा सोडा दुसऱ्या टोकाला, अल्कधर्मी. टूथपेस्टने पुटकुळी वाळते खरी, पण भोवतालची त्वचाही सोलते. आणि केसांचं तेल कपाळावर ओघळू देणाऱ्या मुलींच्या कपाळावरची बारीक पुटकुळ्यांची रांग त्या तेलाचीच असते. मुलतानी माती आठवड्यातून एकदा, तीही पूर्ण वाळून तडकण्याआधी धुऊन टाकायची. जायफळ उगाळून लावणं सर्वांना मानवत नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस वाट पाहावी. ही चाचणी खरं तर चेहऱ्यावर लावायच्या प्रत्येक वस्तूला हवी, मग ती झाडावरून तोडलेली असो की पुठ्ठ्याच्या खोक्यातून आलेली. सौम्य साबणाने दोनदा चेहरा धुणं आणि न फोडणं एवढं दीड-दोन महिने करूनही मुरुमं तशीच राहिली, किंवा दुखऱ्या गाठी येऊ लागल्या, तर औषध घ्यावं. खड्डे पडल्यानंतर ते भरणं फार कठीण.

आता ज्या दुखण्यात घरगुती उपाय आणि दुकानदारी उपाय दोन्ही मिळून नुकसान करतात, त्याकडे वळू. जांघेत, कमरेच्या नाडीखाली, काखेत गोल तांबूस चट्टा येतो. कडा उठलेल्या, मध्ये त्वचा जरा निवळलेली, खाज घामाबरोबर वाढणारी. गजकर्ण किंवा नायटा. गावाकडे टाकळ्याच्या बिया ताकात वाटून लावतात. टाकळ्यात आणि त्याच्या कुळातल्या इतर झाडांत बुरशीला मारक द्रव्यं आहेत, हे खरं. पण वाटलेल्या बियांमधून ती किती जातात याचा काही नेम नाही, आणि तोवर चट्टा पसरत राहतो. तरी टाकळ्याने फार बिघडत नाही. बिघडतं ते दुकानातून ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणून आणलेल्या मिश्र मलमाने. त्यात स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज गायब, लाली गायब, माणूस खूश. स्टेरॉइडने त्वचेची प्रतिकारशक्तीच झोपवलेली असते, त्यामुळे बुरशी खाली निवांत वाढते. मलम थांबवलं की चट्टा दुप्पट होऊन परत येतो, मग पुन्हा तीच ट्यूब. काही महिन्यांत जांघेतली त्वचा कागदासारखी पातळ होते आणि तिच्यावर कायमचे पांढरे-जांभळे पट्टे उमटतात.

हा प्रकार भारतात इतका वाढला की त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने त्याविरुद्ध मोहीम काढली, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी करणारा बदल नियमांत केला. दुकानांत ती अजूनही सहज मिळतात, हा भाग वेगळा. नेहमीच्या गोळीला दाद न देणाऱ्या एका बुरशीला २०२० मध्ये जे शास्त्रीय नाव दिलं गेलं, ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’, त्यात आपल्या देशाचा उल्लेख आहे. मिरवावा असा तो नाही.

गजकर्णात घराने करायचं ते असं: टॉवेल, अंतर्वस्त्रं, पंचे प्रत्येकाचे वेगळे, कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात उलटे वाळत घालायचे, घट्ट जीन्स काही आठवडे कपाटात. घरातल्या इतरांनाही चट्टे आहेत का ते पाहायचं. आणि औषध डॉक्टर सांगतील तितके आठवडे, चट्टा दिसेनासा झाल्यावरही पुढे घ्यायचं. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही लिहिलेलं असेल तर ती चिठ्ठीशिवाय चेहऱ्याला किंवा जांघेला लावायची नाही, मग शेजारच्यांना कितीही गुण आलेला असो.

खाज रात्रीच जोर करते, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुटकुळ्या आहेत आणि घरात आणखी कुणीतरी खाजवतंय, तर ती खरूज समजावी. ती एका सूक्ष्म किड्यामुळे होते. त्वचेत बीळ करून तो अंडी घालतो. कडुनिंबाच्या पाल्याच्या अंघोळीने बरं वाटतं, किडा मात्र मरत नाही. गंधकाची गोष्ट निराळी आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरी, राजापूरजवळचं उन्हाळे, दापोलीकडचं उन्हवरे अशा गरम झऱ्यांवर त्वचारोगी पिढ्यान्‌पिढ्या जात आले आहेत, आणि गंधकाचं मलम हे खरजेवरचं मान्यताप्राप्त औषध आहे. डॉक्टर आजही ते काही वेळा तान्ह्या बाळांना आणि गर्भवतींना देतात. पण मलमात पाच ते दहा टक्के गंधक असतो. कुंडात बुडी मारून तेवढा अंगाला लागत नाही, उलट एकाची खरूज दुसऱ्याच्या ओल्या टॉवेलवरून घरी यायची. नेहमीचं औषध म्हणजे पाच टक्के परमेथ्रिन: मानेपासून तळव्यांपर्यंत रात्रभर लावायचं आणि आठवड्याने पुन्हा एकदा. घरातल्या सगळ्यांनी, खाज असो-नसो, एकाच रात्री. इथेच बहुतेक घरं चुकतात. ज्याला खाजतं त्यालाच औषध लावतात आणि पंधरा दिवसांनी चक्र पुन्हा सुरू. धुता न येणाऱ्या गोधड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन-चार दिवस बाजूला ठेवाव्यात.

बटव्यातलं जे खरोखर काढून फेकावं, त्यात बिब्बा पहिला. सांधा दुखला, चामखीळ आली की बिब्बा तापवून टोचायची रीत अजून संपलेली नाही. बिब्ब्याचं काळं तेल त्वचेला जाळतं आणि वर ॲलर्जीही करतं. ‘बिब्बा उतला’ हा शब्दप्रयोगच मराठीत त्यासाठी आहे. धोबी कपड्यांवर खुणा करायला याच तेलाची शाई वापरत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या परदेशी सैनिकांच्या मानेवर, नेमकी कॉलरवरच्या खुणेखाली, फोडांची रांग उठायची. डॉक्टरांना त्यामागचं कारण शोधून काढावं लागलं. काजू आणि आंबा बिब्ब्याच्याच कुळातले. म्हणून कैरीचा चीक ओठांना लागून उततो, आणि काजूच्या कारखान्यांत बिया फोडणाऱ्या बायकांचे हात टरफलाच्या तेलाने काळे पडून सोलतात. बिब्बा उतल्यास ती जागा ताबडतोब साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवावी. फोड आले तर डॉक्टर गाठावा.

चामखिळीवर चुना आणि धुण्याचा सोडा लावणं हा त्याचाच भाऊ. हे मिश्रण चामखीळ ओळखत नाही, जे समोर येईल ते जाळतं, आणि मागे खोल व्रण राहतो. ठेचलेल्या लसणाची पट्टी रात्रभर बांधली तर तिनेही भाजतं. चामखिळी पुष्कळदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातात. घाई असेल तर सॅलिसिलिक आम्लाचं औषध दुकानात मिळतं.

कढईतलं तेल हातावर उडालं तर आपल्याकडे अजूनही टूथपेस्ट, शाई, किसलेला बटाटा यांची शोधाशोध होते. हात नळाखाली धरा, वीस मिनिटं. घड्याळ लावूनच, कारण दोन मिनिटांत वीस झाल्यासारखी वाटतात. बर्फ नको. सूज यायच्या आत अंगठी, बांगड्या काढा. फोड आलेले नसतील तर पूर्ण गार झाल्यावर कोरफडीचा गर चालेल. पात कापून दहा-पंधरा मिनिटं उभी ठेवून आधी पिवळा चीक गळू द्यायचा, त्या चिकानेच अनेकांना खाज सुटते. फोड तळहाताएवढ्या भागात पसरले, किंवा चेहरा, सांधा, गुप्तांग भाजलं, तर काहीही न लावता स्वच्छ कापडात झाकून रुग्णालयात.

नागिणीबद्दल घरात फार कुजबुज चालते. कंबरेभोवती किंवा छातीवर एका बाजूला आग होणाऱ्या फोडांचा पट्टा उठतो, आणि म्हातारी माणसं सांगतात, तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो. जुळत नाही. कांजिण्यांचा विषाणू वर्षानुवर्षं मज्जातंतूच्या मुळाशी दडून बसतो आणि वय झालं, प्रतिकारशक्ती घटली की त्याच एका तंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. तो तंतू शरीराच्या मध्यरेषेवर थांबतो, म्हणून पट्टाही तिथे थांबतो. गेरू, तांदळाचं पीठ, मंतरलेली राख लावण्यात जो वेळ जातो, तोच खरा तोटा. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झाल्या तर सर्वांत उपयोगी पडतात. उशीर झाला तर फोड जाऊनही वेदना महिनोन्‌महिने मागे राहण्याची भीती वाढते. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याजवळ फोड असतील तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं. कांजिण्या न झालेल्या गर्भवतीने आणि बाळाने त्या फोडांपासून लांब राहावं.

राहिले पांढरे डाग. न्हाणीघराच्या आरशावर चिकटवून ठेवलेली टिकली रोज त्याच जागी लावणाऱ्या बाईच्या कपाळावर नेमक्या टिकलीएवढा पांढुरका ठिपका दिसू लागला, तर तो बहुधा टिकलीच्या गोंदातल्या रसायनाने पडलेला असतो. टिकली ताबडतोब बंद करायची आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायचं. ठिपका टिकलीच्या बाहेर पसरू लागला तर अजिबात थांबायचं नाही. उन्हाळ्यात गळ्यावर-पाठीवर येणारी फिकट, बारीक खवले सुटणारी शिबं बुरशीची असतात. ती औषधी शॅम्पूने जातात, त्वचेचा रंग भरून यायला मात्र काही महिने लागतात. पण दंडावर, पाठीवर, गालावर फिकट किंवा तांबूस चट्टा आहे, तो खाजत नाही, दुखत नाही, तर एक तपासणी घरीच करावी. डोळे मिटायला सांगून त्या जागी आणि शेजारच्या चांगल्या त्वचेवर कापसाचा बोळा हलकेच फिरवावा. चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर बावचीचं तेल, गोमूत्र, लेप काही शोधत बसू नये. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याची औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात, सहा किंवा बारा महिन्यांत तो पूर्ण बरा होतो, आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत त्याचा संसर्ग दुसऱ्याला होत नाही.